‘पूरक’ या शब्दाविषयी

मराठी नाट्यपरीक्षणाचा शेवटचा परिच्छेद न वाचताही सांगता येतो. कथानक सांगून झालं, अभिनयाचं कौतुक झालं, की उरलेल्या एका ओळीत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि संगीत ‘पूरक’. कशाला पूरक, हे विचारायची पद्धत नाही.

इंजिनिअरिंगला असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एका एकांकिकेसाठी मी बॅकस्टेजला होतो. १९६३पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरातल्या आरोळ्यांवर पुष्कळ लिहून झालंय. विंगेतल्या काळोखावर त्या मानाने कमी. आमच्या संहितेत दोन प्रवेशांच्या मधे ‘अंधार’ एवढाच शब्द होता. त्या एका शब्दात चौघांनी बाज उचलून विंगेत न्यायची, तिच्या जागी टेबल आणायचं, त्यावरचा पेला नटाच्या उजव्या हाताशी ठेवायचा. उजेड म्हणाल तर जमिनीवर चिकटवलेल्या रेडियमच्या तुकड्यांचा. स्टॉपवॉच लावून तालमी केल्या. चाळीस सेकंदांवरून बारावर आलो, मग दिग्दर्शकाच्या हट्टापायी आठवर, आणि प्रवेश पडला. आधीच्या प्रवेशात बाप गेलेला असतो. तो गेलाय हे प्रेक्षकाला कळेपर्यंत पुढचं टेबल हजर. आम्ही बारावर परतलो. ते वरचे चार सेकंद सामान हलवायला लागत नव्हते, ते नाटकाला लागत होते.

परीक्षणात ‘दुसऱ्या भागात प्रयोग रेंगाळतो’ असं वाचलं की मला आता अंधार मोजावासा वाटतो. मालिकेसारखे पंधरा तुटक प्रवेश लिहिणारा लेखक पंधरा वेळा दिवे घालवायला लावतो, आणि खापर ‘तांत्रिक बाजू’वर फुटतं. याउलट तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. १९७२ साली जब्बार पटेलांनी ते बसवलं तेव्हा ब्राह्मणांची रांग हीच भिंत होती. ती पाठ फिरवते, पडदा होते. आड उभी राहून झाकणारी माणसंच पापात भागीदार! इथे नेपथ्य आशयापासून सोडवून दाखवा.

तसं नेपथ्य म्हणजे संस्कृत नाटकात पडद्यामागची जागा. मराठीत हा शब्द पुढे येऊन मंचावरची मांडणी झाला. मागच्या जागेला आपण इंग्रजी नाव दिलं.

यातून भाबडेपणाही येऊ शकतो, हे कबूल. विंगेत कुणाचा घाम पाहिला म्हणून वाईट नाटक चांगलं होत नाही, आणि समीक्षकाने श्रमांची पावती फाडत बसावं असंही मी म्हणत नाही. बारा सेकंदांचा अर्थ लावावा, एवढंच.

आम्ही हौशी होतो, वडापावावर खूश. व्यावसायिक रंगमंचावरचा बॅकस्टेज कामगार मात्र ‘नाइट’वर जगतो; प्रयोग तर पैसे. मार्च २०२०मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि नाइटही. त्या महिन्यांत ऑनलाइन नाटकाच्या भवितव्यावर उत्साहाने चर्चा झाल्या. कॅमेऱ्यासमोर घरी बसून केलेलं वाचन हेही नाटकच, असं म्हणणं सोपं गेलं. ज्यांना वर्षानुवर्षं पूरक म्हटलं होतं त्यांच्यावाचून भागेल, हे कुणाला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.