शंख-चक्रे आणि छिन्नमनस्कता : त्वचारेषांच्या पुराव्याची चिकित्सा

बोटांवरील शंख आणि चक्रे मोजण्याची हौस महाराष्ट्रातील घराघरांत जुनी आहे. या रेषांच्या शास्त्राला 'डर्मेटोग्लिफिक्स' हे नाव हॅरॉल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये दिले. छिन्नमनस्कतेच्या, म्हणजेच स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात या शास्त्राने केलेला दावा हस्तसामुद्रिकाहून सर्वस्वी भिन्न आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

रेषा गर्भावस्थेच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून आकार घेतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत कायम होतात. त्वचेचा वरचा थर व मज्जासंस्था ही दोन्ही गर्भाच्या बाह्यस्तरातूनच उद्भवतात. त्यामुळे त्या काळातील आघाताची खूण मेंदूबरोबर बोटांवरही उमटावी, हा तर्क निराधार नाही. ब्राचा, टॉरी व सहकाऱ्यांचा १९९२ चा जुळ्यांवरील अभ्यास या संदर्भात विशेष मोलाचा ठरतो. एकबीज जुळ्यांची जनुके समान असतात; तरीही ज्या जोड्यांत एकच भावंड आजारी होते, तेथे दोघांच्या रेषासंख्येतील तफावत निरोगी जोड्यांपेक्षा अधिक आढळली. नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भधारणा झालेल्यांत या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले, तेही याच दिशेने बोट दाखवते.

परंतु गटांतील फरक म्हणजे व्यक्तीचे निदान नव्हे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादी खूण रुग्णांपैकी २० टक्क्यांत व इतरांपैकी १० टक्क्यांत आढळते आणि आजार शंभरात एकाला होतो, असे मानले तर हजार माणसांत खूण असलेले रुग्ण केवळ २ आणि खूण असलेले निरोगी ९९ निघतील. प्रत्यक्षात तळहातावरील रेषासंख्येतील फरक अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही मर्यादितच आढळला आहे. शिवाय रेषांचे प्रमाण जनसमूहागणिक बदलते. तुलनेचा गट त्याच समाजातील नसेल तर आजाराऐवजी केवळ वांशिक भेदच मोजला जाण्याची शक्यता राहते. (शाईने उमटवलेल्या ठशांवरून हाताने मोजणी करताना होणारी चूक हा आणखी वेगळा विषय.)

हा भेद दिव्यासारख्या दाट वस्तीच्या उपनगरात केवळ पुस्तकी राहत नाही. लगतच्या ठाण्यात १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे. तरीही तेथे जाण्याचा संकोच अनेक कुटुंबांत टिकून आहे. दुसरीकडे, मुलांच्या बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता व भावी व्यवसाय सांगणाऱ्या 'डीएमआयटी' चाचण्या पैसे घेऊन केल्या जातात आणि त्यांना वैज्ञानिक आधार नाही. प्रसूतिपूर्व विकासावरील गंभीर संशोधनाची परिभाषा या व्यापाराला आयतीच उपलब्ध होते. उद्या ठशांवरून 'वेडाचा धोका' सांगितला गेल्यास मुलीच्या विवाहापासून मुलाच्या नोकरीपर्यंत त्याचे सावट पडेल, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला गोपनीयतेचा हक्क अशा खाजगी अहवालापुढे फारसा उपयोगी पडणार नाही. गरोदरपणातील पोषण व संसर्गप्रतिबंध यांवर मात्र या संशोधनातून आजही काही करता येण्याजोगे आहे. त्यासाठी कोणाचेही ठसे घ्यावे लागत नाहीत.