खेळाडूची कृती आणि प्रेक्षकाची विवशता

व्हिडिओ गेममधील कथनाची गंभीर चित्रपटाशी तुलना करावी की नाही, हा वाद बहुधा प्रतिष्ठेच्या भूमिकेवरून चालविला जातो. एक पक्ष गेमला कलेचा दर्जा मिळावा म्हणून चित्रपटाचा दाखला देतो; दुसरा पक्ष, खेळ तो खेळच, असे म्हणून विषय मिटवितो. कथन प्रत्यक्षात कसे घडते, हा मूळ प्रश्न मात्र दोहोंकडून दुर्लक्षित राहतो.

या वादातील सर्वांत नेमका आक्षेप अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००५ मध्ये घेतला. गेम खेळाडूच्या निवडीवर चालतो, तर गंभीर चित्रपटाला व साहित्याला निर्मात्याचे नियंत्रण आवश्यक असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या आक्षेपाचे बळ नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटावरून ध्यानात येते. डुकराचा पाठलाग चालू असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि जब्याचे कुटुंब जागच्या जागी निश्चल उभे राहते. प्रेक्षकाला हे केवळ पाहावे लागते; हस्तक्षेप करणे त्याच्या हाती नसते. ही विवशता हाच त्या प्रसंगाचा आशय होय. म्हणूनच जब्याने भिरकावलेला दगड अखेरीस प्रेक्षकाच्याच दिशेने येतो, तेव्हा पाहत राहिल्याचा दोष त्याच्या पदरी पडतो. येथे प्रेक्षकाला कृतीची मुभा असती, तर अर्थच नाहीसा झाला असता.

तथापि कृती कथनाला सर्वत्र मारक ठरते, असा निष्कर्ष यावरून निघत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा गेम या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. सर्कशीत कसरती करणारी राजी, दैत्यांनी पळविलेला तिचा धाकटा भाऊ गोलू व त्याचा शोध, एवढे त्याचे कथासूत्र. दुर्गा आणि विष्णू हे निवेदक. कथेतील काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात, आणि पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांचे सहज स्मरण होते. हे भाग देखणे आहेत. परंतु त्या वेळी खेळाडूचा हात रिकामा असतो. उलट, युद्धप्रसंगी हात गुंतलेला असतो आणि कथा थांबलेली असते. राजीला मृत्यू आला, तरी ती थोडी मागे नेऊन पुन्हा उभी केली जाते. त्या मृत्यूची कथेत नोंद राहत नाही.

या दुभंगाला अपवाद आहे तो मंडलाकृती कोड्यांचा. विस्कळित चित्राचे तुकडे फिरवून जुळविताना राजी व गोलू यांच्या आठवणी साकार होतात. चित्रपट आठवण दाखवितो. येथे ती जुळवावी लागते. राजीचे स्मरण आणि खेळाडूची कृती यांत अंतर उरत नाही. ईबर्ट यांच्या आक्षेपाला खरे उत्तर मिळते ते या अल्प अवकाशात. आणि निर्मात्याचे नियंत्रणही येथे सुटत नाही, कारण कोणते चित्र जुळावयाचे हे त्यानेच ठरविलेले असते.

तेव्हा गेम चित्रपटासारखा कितपत वाटतो, हा निकष समीक्षेने सोडणे इष्ट. ‘राजी’तील सर्वांत चित्रपटसदृश भाग हेच गेम म्हणून सर्वांत परावलंबी ठरतात. ज्याप्रमाणे ‘फँड्री’त प्रेक्षकाची निष्क्रियता अर्थवाही होते, त्याप्रमाणे खेळाडूची कृती अर्थवाही होते काय, एवढेच विचारावयाचे. या कसोटीवर ‘राजी’चे यश मर्यादित आहे, पण ते तिचे स्वतःचे आहे.