'द स्टोलन ज्यूल्स' : वर्गणीरूप विनोद

हॉलिवूडमध्ये १९३१ साली निघालेला 'द स्टोलन ज्यूल्स' हा सुमारे वीस मिनिटांचा बोलपट सॅरॅनॅक लेक येथील व्हॉडव्हिल कलावंतांच्या क्षयरोग आरोग्यधामाच्या साहाय्यार्थ काढण्यात आला. (त्यास आश्रय होता तो चेस्टरफील्ड सिगारेटचा, हा विसंवाद त्या काळी कोणास खटकल्याचे चित्रपटात तरी दिसत नाही.) नॉर्मा शिअरर या नटीचे दागिने चोरीस जातात आणि एडी केनने रंगविलेला गुप्तहेर एकेका नामांकित नटनटीकडे चौकशीस जातो, एवढेच कथानक.

ही रचना वरकरणी ढिली वाटते. तथापि ती प्रयोजनाशी विलक्षण जुळणारी आहे. दारोदार फिरणारा व प्रत्येक दारी क्षणभरच थांबणारा हा गुप्तहेर वस्तुतः वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ताच होय. मंडळी त्याच्या झोळीत पैशाऐवजी एखादे मिनिट टाकतात.

पण दिलेले मिनिट विनोदी असतेच असे नाही. गॅरी कूपर किंवा जोन क्रॉफर्ड दिसताच तत्कालीन प्रेक्षक हसला असेल, तर तो ओळख पटल्याच्या आनंदाने. प्रसंगात हास्यकारण फारसे नाही. ज्यास हे चेहरे परिचित नाहीत, त्या आजच्या विद्यार्थ्यास हे तुकडे कोरडे वाटतात, व त्याची ही प्रतिक्रिया रास्तच म्हणावी लागेल. दानाचा हेतू उदात्त असला, तरी समीक्षकाने तेवढ्यावरून सूट देण्याचे कारण नाही.

लॉरेल आणि हार्डी यांची गोष्ट निराळी. पोलिसांच्या वेषात ते गुप्तहेराला मोटारीतून आणतात आणि ती मोटार त्यांच्याखालीच मोडून पडते. येथे हसण्यासाठी त्यांची नावे ठाऊक असण्याची गरज उरत नाही. मग चौकशी पुढे सरकते, आणि पुन्हा ओळखीचे चेहरे हजेरी लावून निघून जाऊ लागतात.