साक्ष वाचायची कशी?

आपल्या साहित्यात आत्मकथनाला मोठा मान आहे. सोसलेला माणूस स्वतःच्या बोलीत बोलू लागला की आपण कान देतो. तो अडखळला, सन चुकला, घटना मागेपुढे झाल्या, तरी त्याचे पुस्तक आपण खोटे ठरवत नाही. हेच अडखळणे कोर्टातल्या साक्षीत दिसले की मात्र आपली नजर बदलते. वास्तविक अत्याचार सोसलेल्या मुलाची साक्ष हेही आत्मकथनच आहे. फरक एवढाच की ते परक्या माणसांसमोर आणि बहुधा परक्या भाषेत सांगावे लागते. आमच्या समीक्षेने या मजकुराकडे फारसे पाहिलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

प्रथम त्याचे रूप पाहू. सत्र न्यायालयातील साक्ष साधारणपणे सलग निवेदनाच्या स्वरूपात लिहिली जाते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही रीत होती, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. या रीतीत प्रश्न गळतात आणि उत्तरे उरतात. वकील विचारतो, 'तू ओरडलीस का?' मुलगी नकारार्थी मान हलवते. कागदावर वाक्य उमटते, 'मी ओरडले नाही.' जणू ते तिने आपणहून सांगितले! आमच्या जालना जिल्ह्यात, अंबड असो की भोकरदन, कितीतरी मुस्लिम घरांतली बोली दखनी. तिथली मुलगी 'गंदा काम' एवढेच म्हणेल. नोंद मराठीत होईल, अपिलात ती इंग्रजीत वाचली जाईल. तिचा लाजरा शब्द जाऊन तिथे कायद्याचा शब्द येईल. मग पहिल्या जबाबात हा शब्द नव्हता, असे म्हणून विसंगती दाखवली जाईल. ही विसंगती मुलीची की भाषांतराची?

दुसरा प्रश्न शब्दांचा. मुलाला हळूहळू आपलेसे करून मग त्याचा गैरफायदा घेणे, याला इंग्रजीत 'ग्रूमिंग' म्हणतात. आपली वर्तमानपत्रे लिहितात 'आमिष दाखवून', 'फूस लावून'. आमिष म्हटले की मासा आठवतो, आणि माशाच्या हावेचाही संशय येतो. दोष नकळत मुलाच्या पदरात पडतो. आम्हाला येथे 'लळा' हा शब्द अधिक खरा वाटतो. गुन्हेगार आधी लळा लावतो. जेवू घालतो, कपडे देतो, घरच्यांचा विश्वास संपादतो. म्हणून मूल लगेच बोलत नाही, पुन्हा त्याच दारात जाते, कधी त्याचीच बाजू घेते. 'मग तू परत का गेलास?' हा उलटतपासणीतला आवडता प्रश्न लळा न समजल्याचा पुरावा आहे.

मुंबईतल्या अँकरेज निवारागृहांचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या डंकन ग्रँट याने 1995 मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी ही गृहे काढली. कुलाबा आणि मुरूड येथे ती होती. अ‍ॅलन वॉटर्स त्याचा साथीदार. छप्पर आणि पोटभर जेवण देणारे हेच हात मुलांवर अत्याचार करीत होते. 2001 मध्ये प्रकरण उघड झाले. मार्च 2006 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षे सक्तमजुरी दिली. जुलै 2008 मध्ये उच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षी विश्वासार्ह मानल्या नाहीत आणि आरोपी सुटले. 18 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. मुले तीच, साक्षी त्याच, कागदही तेच. बदलली ती फक्त वाचनाची रीत. किरकोळ तफावतींनी मूळ कथन कोसळत नाही, हे अखेर मान्य झाले; पण त्यात पाच वर्षे गेली.

नागपूरचे प्रकरण तर आपल्या अधिक जवळचे. 1981 मध्ये लग्न करून तिथे उतरलेल्या एका तरुण मुस्लिम जोडप्यातील पत्नीवर पोलीस उपनिरीक्षकाने अत्याचार केला. उच्च न्यायालयात तो सुटला. जानेवारी 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्या. ए. एम. अहमदी यांनी तेव्हा स्पष्ट केले की पीडित स्त्री ही गुन्ह्यातली साथीदार नव्हे. तिची साक्ष जखमी साक्षीदाराच्या तोलाची मानावी, आणि ती विश्वसनीय असेल तर आणखी पुराव्याचा हट्ट धरू नये. वाचन कसे करावे याचा हा धडाच आहे.

याचा अर्थ आरोपीला बचावाचा हक्क नको, असे आम्ही म्हणत नाही. खोटी साक्षही असू शकते, आणि ती तपासलीच पाहिजे. परंतु तपासणे वेगळे आणि सोलणे वेगळे. 14 नोव्हेंबर 2012 रोजी लागू झालेल्या पोक्सो कायद्याने हा फरक ओळखला आहे. वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत मुलाला विचारायचे, त्याला वारंवार कोर्टात बोलवायचे नाही, आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही, गरज पडल्यास दुभाषी द्यायचा, अशी त्यात तरतूद आहे. दखनी बोलणाऱ्या मुलीसाठी तो दुभाषी मागण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या जिल्ह्यातले कितीतरी आईबाप ऊसतोडीला जातात. मुले नातलगांकडे, वसतिगृहात राहतात. त्यांना लळा लावणारा माणूस शिक्षक असेल, मौलाना असेल, मामा असेल, शेजारचा दुकानदार असेल. तेव्हा जमातीतली वडीलधारी मंडळी 'इज्जत का सवाल है' म्हणत प्रकरण मिटवू पाहतात. वाचकहो, असे माहीत असून न कळवणे हा पोक्सोनुसार गुन्हा आहे. आणि इज्जत नेमकी कुणाची? ज्याने कुकर्म केले त्याची जावी, सांगणाऱ्याची का जावी?

आमच्या कथा-कवितांनीही इथे कसूर केली आहे. अत्याचार झालेली मुलगी आमच्या कथेत विहीर जवळ करते, नाहीतर गप्प होते. ती कोर्टात उभी राहते, अडखळत का होईना सगळे सांगते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाते, अशी कथा आम्हाला हवी आहे. गवाही देणे आपल्याकडे फर्ज मानले जाते. मग ती ऐकून घेणे हेही फर्जच नव्हे काय?