'सुजानां'च्या बंदिशी

परमुलुखात चार मराठी माणसे एकत्र आली म्हणजे बोलणे गाण्याकडे वळल्यावाचून राहत नाही. गेल्या रविवारी हथखोजला आमच्या बिऱ्हाडी असेच झाले. अब्दुल करीम खाँ, भास्करबुवा, मल्लिकार्जुन अशी नावे निघाली आणि ज्याने त्याने आपापल्या मैफलींच्या आठवणी सांगितल्या. पुढे एका स्नेह्यांच्या कन्येने, जी खैरागढला गाणे शिकते, एक छोटा ख्याल म्हटला. अंतऱ्यात 'सुजान' हा शब्द आला. ही बंदिश कोणाची, असे विचारता तिने पारंपरिक म्हणून सांगितले. 'सुजान' म्हणजे शहाणा माणूस, एवढाच अर्थ तिने घेतला होता.

'सुजान' ही श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांची मुद्रा. मुंबईत वाढलेल्या, पोलिस खात्यातील अधिकाऱ्याच्या या मुलाने भातखंड्यांपाशी विद्या घेतली, बडोद्यास फैयाज खाँसाहेबांकडे आग्र्याची गायकी आत्मसात केली, आणि १९२८ पासून लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले. खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ साली स्थापन झाले, त्याच्या आरंभीच्या वर्षांत तेच कुलगुरू होते. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७४ साली ते निवर्तले. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रवास काहीसा ओळखीचा वाटावा. तरीही आमच्या त्या बैठकीत त्यांचे नाव कोणी काढले नाही, आणि यात आम्हीही आलोच.

याचे कारण आमच्या रसिकतेच्या घडणीत आहे. आम्ही कलावंताला मैफलीच्या मापाने मोजतो. आवाज, तान, त्या रात्रीचा रंग, यांवर आमचा निकाल ठरतो. रातंजनकरांच्या गळ्याने उतारवयात त्यांना पुरती साथ दिली नाही. तेव्हा 'पंडित खरे, पण गवई नव्हेत' असा शेरा मारून आम्ही मोकळे झालो. ज्याचे काम दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकू येते, त्याला मोजण्याचे माप आमच्यापाशी नाही.

ते काम कोणते, हे 'अभिनव गीतमंजरी'च्या तीन भागांत पाहावे. त्यांतील लक्षणगीतांविषयी आम्हाला फारसे ममत्व नाही. रागाचे वादी-संवादी नि वर्ज्य स्वर पद्यात बांधून देणारी ही रचना विद्यार्थ्याच्या फार उपयोगाची. पण सेवानियमांचे पुस्तक कोणी रसास्वादासाठी उघडीत नाही. ख्यालांची गोष्ट निराळी. तेथे नियम शब्दांत सांगितलेला नसतो, तो चालीत मुरलेला असतो. मुखडा समेवर ज्या वाटेने उतरतो, त्या वाटेतच राग ओळखू येतो; अंतरा हा वरच्या सप्तकातील उपचार न राहता रागाची दुसरी बाजू दाखवितो. द्रुत बंदिशींत फैयाज खाँसाहेबांची तालीम स्पष्ट दिसते. अक्षरे लयीशी अशी खेळतात की बोलबांटीला जागा आपोआप मिळते. ज्या अप्रचलित रागांत गाण्याजोग्या चिजा थोड्या होत्या, तेथे त्यांनी नव्या घालून ठेवल्या.

उणे नाही असे नाही. त्यांची ब्रजभाषा कित्येकदा ग्रंथांतून आलेली वाटते. सदारंगाच्या चिजांतील घरगुती लाडिकपणा तिला क्वचितच साधतो. पण हा दोष वाचताना जाणवतो, गाताना त्याहून पुष्कळच कमी. बंदिश वाचून न्याय देऊ नये, हे आम्हाला स्वतःलाच बजावावे लागले. भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिका' मूळ मराठीत रचून चिजा कागदावर आणल्या, हे उपकार मोठे. तरी एखाद्या स्वरावर किती रेंगाळावे, हे स्वरलिपी सांगत नाही. कृ. गुं. गिंडे व एस. सी. आर. भट या शिष्यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. पुस्तकात कोरडी भासलेली ओळ तेथे कशी ओली होते हे कळते.

त्या मुलीला आम्ही 'सुजान' कोण हे सांगितले, तेव्हा ती थोडी ओशाळली. मग तिने तोच अंतरा पुन्हा म्हटला. या खेपेस त्या शब्दापाशी ती जरा थांबली, आणि सम किंचित चुकली.