एका छपराखालील दोन शाळा : सॉवेल यांच्या तुलनेचे परीक्षण

अमेरिकेतील चार्टर शाळांविषयी जे लेखन होते त्यात वकिली पुष्कळ आणि तपासणी थोडी असते. थॉमस सॉवेल या अर्थशास्त्रज्ञांचा 'चार्टर स्कूल्स अँड देअर एनिमीज' हा २०२० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ शीर्षकावरून तरी पहिल्याच वर्गात मोडतो. तथापि ग्रंथाचा मोठा भाग तक्त्यांनी व्यापलेला आहे, आणि ज्या तुलनेवर त्यातील सारा युक्तिवाद उभा आहे ती तुलना विचारपूर्वक योजलेली आहे. म्हणूनच तिचे परीक्षण अगत्याचे ठरते.

चार्टर शाळा ही सार्वजनिक पैशावर चालणारी, शुल्क न घेणारी शाळा होय. स्थानिक शिक्षण मंडळाच्या बहुतेक नियमांतून तिला मोकळीक मिळते. मात्र ठरलेल्या मुदतीत निकाल दाखविता आला नाही तर सनद रद्द होऊ शकते. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला व पुढील वर्षी सेंट पॉल येथे पहिली शाळा उघडली. जागांपेक्षा अर्ज अधिक आले की प्रवेश सोडतीने होतात. ही सोडत पुढे संशोधकांच्या फार उपयोगी पडली.

चार्टर व सामान्य शाळांच्या राष्ट्रीय सरासऱ्या समोरासमोर मांडणे व्यर्थ आहे, असे सॉवेल आरंभीच सांगतात. दोहोंतील विद्यार्थ्यांची वांशिक घडण भिन्न असल्याने सरासरीतील फरक शाळेचा की विद्यार्थ्यांचा हे कळत नाही. हा आक्षेप निर्विवाद आहे. त्यावर त्यांनी योजलेला उपाय असा : न्यूयॉर्क शहरात अनेक इमारतींत एका मजल्यावर चार्टर शाळा व दुसऱ्यावर सामान्य शाळा भरते. त्यांपैकी ज्या जोड्यांत समान इयत्ता आहेत आणि दोन्हीकडे कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचे बहुमत आहे, त्यांचे २०१७-१८ या वर्षाचे राज्य-परीक्षेचे निकाल त्यांनी एकत्र मांडले. वस्ती, इमारत, वंश या सबबी अशा रीतीने दूर झाल्या. निष्कर्ष ठळक आहे. इंग्रजीत चार्टर शाळांच्या ६५ टक्के इयत्तांत निम्म्याहून अधिक मुले 'प्रवीण' ठरली, सामान्य शाळांच्या केवळ १४ टक्के इयत्तांत. गणितात हे प्रमाण ६८ व १० टक्के.

या आकड्यांत मोजले काय आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. एकक विद्यार्थी नसून इयत्ता आहे, आणि इयत्तेला अर्ध्याची सीमारेषा लावलेली आहे. समजा, एका बाजूच्या दहाही इयत्तांत ५५ टक्के मुले प्रवीण आहेत व दुसऱ्या बाजूच्या दहाही इयत्तांत ४५ टक्के. विद्यार्थ्यांतील अंतर दहा टक्क्यांचे; या रीतीने मांडले की ते शंभरास शून्य असे दिसते. शिवाय 'प्रवीण' हीदेखील गुणांवर आखलेली रेषाच आहे, म्हणजे रेषेवर रेषा चढविलेली आहे. प्रत्यक्षातील अंतर इतके कृत्रिम नाही, हे तक्ते सविस्तर वाचणाऱ्यास दिसते. परंतु ग्रंथाच्या चर्चेत 'पाचपट' आणि 'सातपट' हेच शब्द उरतात, आणि ते विद्यार्थ्यांविषयी आहेत असा सार्वत्रिक समज होतो.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. छप्पर एक झाले म्हणून विद्यार्थिवर्ग एक होत नाही. चार्टर शाळेतील प्रत्येक मुलामागे अर्ज भरणारे कोणीतरी असते. खालच्या मजल्यावरील अनेक मुलांमागे तसे कोणी नसते. सॉवेल यांना हा आक्षेप ठाऊक आहे, पण त्याचे माप त्यांच्या तक्त्यांतून निघू शकत नाही. रॉबर्ट पाँडिशिओ यांनी सक्सेस अकॅडमी या साखळीच्या ब्राँक्समधील शाळेत वर्षभर बसून लिहिलेला २०१९ चा ग्रंथ येथे आवर्जून जोडून वाचावा. ते शाळेचे विरोधक नाहीत. तरीही ही शाळा मुलांची नव्हे, पालकांची निवड करते, असे त्यांना आढळले : सोडतीत नाव निघाल्यावरही सभा, गणवेश, वेळापत्रक अशा पायऱ्यांवर कमी निर्धाराचे पालक गळत जातात. याच साखळीत तेव्हा चौथ्या इयत्तेनंतर नवे विद्यार्थी घेतले जात नसत. त्यापुढे जागा रिकामी झाली तर ती रिकामीच राहत असे. शेजारच्या शाळेला मात्र वर्षाच्या मध्यात आलेले मूलही दाखल करून घ्यावेच लागते.

विद्यार्थ्यांच्या घडणीचे जे रकाने संशोधनात रूढ आहेत तेही ओबडधोबड आहेत. दारिद्र्याचे माप म्हणून दीर्घकाळ शाळेतील जेवणाची सवलत धरली गेली. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असल्यास जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असल्यास अल्प दरात. हे दोन्ही गट बहुधा एकाच रकान्यात पडतात. २०१७ च्या सप्टेंबरात तर न्यूयॉर्क शहराने सर्वच सार्वजनिक शाळांत जेवण मोफत केले, म्हणजे सॉवेल यांच्या आकड्यांच्याच वर्षी ही खूण तेथे निरर्थक झाली. अपंगत्वाच्या रकान्याचेही तेच : किंचित उच्चारदोष असलेले मूल आणि दिवसभर मदतनीस लागणारे मूल, दोन्ही तेथे एकेक.

मग चार्टर शाळांचे यश केवळ आभास मानावे काय? तसेही म्हणता येत नाही, आणि अनेक टीकाकार येथेच घसरतात. सोडतीत नाव निघालेल्या व न निघालेल्या मुलांची तुलना केली की अर्ज करण्याची प्रेरणा दोन्हीकडे सारखी राहते. बोस्टनमधील अशा तुलनेत (२०११) चार्टर शाळांचा लाभ मोठा आढळला. उलट १५ राज्यांतील ३६ माध्यमिक चार्टर शाळांच्या अभ्यासात (२०१०) सरासरी परिणाम आढळला नाही; गरीब व मागे पडलेल्या मुलांना लाभ, सुस्थितीतील मुलांना तोटा, असे त्याचे अंतरंग होते. तरीही सोडत केवळ अर्जदारांविषयीच बोलते. न्यू ऑर्लीन्स व बोस्टन येथे काही सामान्य शाळा मुलांसकट चार्टर संस्थांच्या हाती देण्यात आल्या. तेथील मुलांनी अर्ज केला नव्हता. ती होती तेथेच राहिली आणि शाळा बदलली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचीही प्रगती झालेली दिसली. सॉवेल यांच्या प्रतिपादनाला खरा आधार मिळतो तो येथे. छपराच्या तुलनेतून तो मिळत नाही.

अर्थात् सर्व मुलांसह ताब्यात घेतलेली शाळा आणि सोडत, सभा व रिकाम्या जागा यांतून घडलेली शाळा या दोन भिन्न संस्था आहेत. पहिलीचा निकाल दुसरीच्या नावे जमा करता येणार नाही. शिवाय पाचव्या इयत्तेत चार्टर शाळा सोडून त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावर गेलेले मूल त्या वर्षीच्या तक्त्यात कोणत्या बाजूस मोजले जाते, हे ग्रंथाच्या वाचकाने पुन्हा एकदा पाहावे.