‘मरणाला जात नसते’ म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग झाला. शेवटी कवितावाचन होतं. एका तरुण मित्राने कोरोनावरची कविता म्हटली. कविता लांब, आवाज खणखणीत. सगळ्या कवितेचा गाभा एकच होता: महामारीने श्रीमंत पाहिला नाही, गरीब पाहिला नाही, मरणाला जात नसते, सरणावर सगळे सारखे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “दादा, आवडली नाही वाटतं?” चपला घालता घालता काय सांगणार? म्हटलं, लिहून सांगतो. ते हे.

आधी एक कबूल करून टाकतो. जंतूला जात कळत नाही हे खरं. पण जंतू आणि मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू कुणाच्याही अंगात शिरतो. मरण मात्र खोली केवढी, नळ किती लांब, रजा मिळते की नाही, उशाशी बसायला कुणी आहे की नाही, हे सगळं बघून येतं. आणि या सगळ्या गोष्टी आपल्या देशात जात बघून वाटलेल्या आहेत. मग मरणाला जात नसते हे वाक्य आलं कुठून? ते आपलं नाही. ते माडीवरून खाली आलेलं वाक्य आहे. आपण ते उचललं आणि आपल्याच आवाजात म्हटलं.

पुरावा काय, असं कुणी विचारील. पुरावा मुंबई शहराच्या मृत्यूंच्या आकड्यांत आहे. १९१८ साली पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीत उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं मेली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, युद्धामुळे धान्य आधीच महागलेलं. देशभर किती मेले त्याचा अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातो. आता मुंबईचा तक्ता बघा. दर हजारी मृत्यू: युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९, आणि ‘खालच्या जातीचे हिंदू’ ६१.६.

मित्रांनो, हा आकडा दोनदा वाचा. ६१.६. साहेबाच्या सातपट. सवर्ण हिंदूच्या तिपटीहून जास्त. हा तक्ता कुणा आंबेडकरी कार्यकर्त्याने केलेला नाही. गोऱ्या साहेबाच्या राज्यातल्या कारकुनाने केला, आणि करताना त्याच्या डोळ्यात पाणी आलं असेल असं मला वाटत नाही. पण त्या कोरड्या तक्त्याने जे सांगितलं ते आपल्या मित्राच्या ओल्या कवितेने झाकलं. मी म्हणतो, समीक्षा इथूनच सुरू व्हायला पाहिजे. जी कविता एका सरकारी तक्त्यापेक्षा कमी खरं बोलते, तिला विद्रोही म्हणायचं का?

आता मोठ्या साहित्याकडे जाऊ. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडच्या शिकलेल्या मंडळींनी आल्बेर कामूची ‘प्लेग’ ही कादंबरी पुन्हा बाहेर काढली. १९४७ साली आलेली. अल्जीरियातल्या ओरान शहरात प्लेग येतो, वेशी बंद होतात, एक डॉक्टर झुंजत राहतो. युद्धाचं, नाझी फौजांनी व्यापलेल्या फ्रान्सचं रूपक तिच्यात आहे, असं सांगतात. कादंबरी थोर आहे, मी नाकारत नाही. मी ती दोन रात्रींत वाचली. पण वाचताना एक प्रश्न मला सोडेना. ओरान हे अल्जीरियातलं शहर. मग तिथले अरब गेले कुठे? डॉक्टर युरोपियन, पत्रकार युरोपियन, पाद्री युरोपियन, मरतानाचं ज्याचं तोंड आपल्याला दिसतं तो पोरगाही युरोपियन. अरब मेलेच नाहीत का?

गंमत अशी की सुरुवातीला तो पत्रकार येतो तोच मुळी अरबांच्या राहणीमानावर बातमी लिहायला. डॉक्टर त्याला विचारतो की तुला पूर्ण खरं लिहिता येईल का? तो म्हणतो, पूर्ण नाही. डॉक्टर म्हणतो, मग माझ्याकडून माहिती मिळणार नाही. पुढे प्लेग येतो आणि ती बातमी राहते ती राहतेच. शेवटच्या पानापर्यंत कुणी तिची आठवण काढत नाही. आणि कामूला ही माणसं माहीत नव्हती असंही नाही. १९३९ साली त्याने स्वतः काबिलिया भागातल्या उपासमारीवर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली होती. म्हणजे बातमीदार कामूला जे दिसलं ते कादंबरीकार कामूने वेशीबाहेर ठेवलं. माणूसजातीचं दुःख लिहायला बसलं की असं होतं. ‘माणूस’ हा शब्द मोठा होत जातो आणि माणसं कमी होत जातात.

आपल्या मराठीतही तेच. मला शाळेत पुण्याचा प्लेग शिकवला तो असा: रँडचा जुलूम, घरांच्या झडत्या, देवघरात बूट, आणि २२ जून १८९७ ला चापेकरांच्या गोळ्या. धडा संपला. झडत्या खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. जुलूम होता. पण गोळी सुटल्यावर प्लेग थांबला का? पुढच्या वीसएक वर्षांत या देशात एक कोटीहून जास्त माणसं प्लेगने मेली. ती कुणाच्या धड्यात आहेत? त्याच वर्षी, त्याच पुण्यात, १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, प्लेगनेच. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर खांद्यावर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि तिथेच त्यांना लागण झाली. एका वर्षात, एका शहरात, तीन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी. मला एकच शिकवली. दुसरी मला विसाव्या वर्षी जयंतीच्या भाषणात कळली.

मुंबईचीही एक गोष्ट सांगतो, ती तर जयंतीच्या भाषणातही येत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये म्युनिसिपालिटीने प्लेगच्या रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. लोक बिथरले. मैला उचलणारे, झाडूवाले शहर सोडून जातील अशी धास्ती पडली. ते गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही हे साहेबालाही कळत होतं आणि शेठलाही. म्हणून हुकूम ढिला करावा लागला. पुढे शहरातली लाखो माणसं पळाली, पण त्या एका महिन्यात शहराला कुणाची भीती वाटली हे लक्षात ठेवा. ही कथा कुणी लिहिली? आपणही नाही.

युद्धाचं काय? तिथे तरी वीरांना जात नसते, असं आपल्याला सांगतात. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेत साडेपाच लाखांहून जास्त माणसं बिनलढाऊ कामाची होती: हमाल, पाणक्ये, खेचरवाले, जखमी उचलणारे, झाडूवाले. त्यांतला एक सुखा. बरेलीचा. इंग्लंडात ब्रोकनहर्स्ट नावाच्या गावी जखमी हिंदी शिपायांसाठी लेडी हार्डिंग हॉस्पिटल होतं, तिथे तो झाडूवाला. १२ जानेवारी १९१५ ला तिथेच मेला, वय तीस. मग प्रश्न आला, याचं करायचं काय? त्या गावात सांगितली जाणारी हकिगत अशी की हिंदूंनी त्याचं दहन नाकारलं, कारण तो अस्पृश्य. मुसलमानांनी दफन नाकारलं, कारण तो मुसलमान नाही. शेवटी गावच्या पाद्र्याने आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून वर दगड बसवला. तो दगड अजून आहे.

सरणावर सगळे सारखे, नाही का रे मित्रा? इथे सरणच नाकारलं. सात समुद्रापार, गोळे पडत असताना, साम्राज्याच्या इस्पितळात. जात बोटीतून त्याच्याबरोबर गेली होती.

तो दगड मी वाङ्मय म्हणून वाचतो. त्यावर सुखाचं नाव आहे, मोहल्ला आहे, शहर आहे, तारीख आहे, वय आहे, काम आहे. तो ख्रिस्ती नव्हता हेही लिहिलेलं आहे. एवढं तपशीलवार आपण आपल्या किती माणसांबद्दल लिहिलं? पण त्याच दगडावर त्याला राजाचा ‘नम्र सेवक’ केलंय. नम्र तो होता की त्याला केलं होतं? आणि त्याला जागा कुणी नाकारली याबद्दल दगड गप्प आहे. दया आली की न्यायाची गोष्ट अशी गप्प होते. म्हणून त्या गावकऱ्यांचे उपकार मानूनही मी म्हणतो, दगड अर्धाच खरा आहे. २०२१ साली तर राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाच्या समितीनेच कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या मोहिमांतल्या, नावानिशी नोंद कुठल्याच स्मारकावर नाही. कदाचित काहीच नोंद नाही. शंभर वर्षं लागली एवढं बोलायला.

आता घरच्याकडे वळतो. दुसऱ्याच्या ताटातलं मुसळ दाखवलं, आपल्या ताटातलं कुसळ कोण काढणार?

८ मे २०२० ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर पडलेल्या चपात्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. त्यावर आपल्या पोरांनी ढिगाने कविता केल्या, माझ्याकडेच डझनभर आल्या. सगळ्यांत चपाती आहे, भाकरी आहे, चंद्र आहे. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरियाचे होते, बहुतेक गोंड आदिवासी होते, भुसावळकडे गाडी मिळेल म्हणून पायी निघाले होते, हे एकाही कवितेत नाही. चपाती दिसली, माणूस दिसला नाही. कामूने अरबांचं जे केलं तेच आपण गोंडांचं केलं. सावित्रीबाईंवरही तसंच. आपल्या प्रत्येक कवितेत त्या पोराला खांद्यावर घेऊन निघतात. त्या पोराचं पुढे काय झालं, हे विचारणारी कविता मी अजून वाचलेली नाही.

आणि शब्द! २०२० मध्ये ‘सामाजिक अंतर पाळा’ असं भिंतीभिंतीवर लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली होती. आपल्याकडे मात्र जुनाच शब्द चालला, कारण इथे तो हजारो वर्षं अंगवळणी पडलेला. आणि आपल्याच काही वस्त्यांत आपणच तो फलक लावला. दुसरा शब्द ‘योद्धा’. झाडूवाल्याला योद्धा म्हटलं की हातमोजे द्यायला नकोत, कायम करायला नको, फुलं टाकली की झालं. योद्धा मेला तर हुतात्मा होतो. कामगार मेला तर भरपाई द्यावी लागते.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. माझा चुलता एका तालुक्याच्या गावी कंत्राटी सफाई कामगार होता. एप्रिल २०२१ मध्ये पाच दिवस तापाने फणफणला. चुलतीने दोन इस्पितळं फिरवली. तिसऱ्याच्या दारात गेला. तपासणीचा रिपोर्ट आलाच नाही, दाखल्यावर हृदय बंद पडलं असं लिहिलं. मरणाऱ्या कुणाचं चालू राहतं? सफाई कामगारांसाठीही पन्नास लाखांचा विमा जाहीर झाला होता, म्हणून मी कागद घेऊन गेलो. ठेकेदार म्हणाला, मस्टरवर नावच नाही. अकरा वर्षं झाडलेल्या गावाच्या मस्टरवर नाव नाही, आणि ज्याने मारलं त्या रोगाच्या यादीतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले, सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार. सरकारला हा अंदाज मान्य नाही. मला एवढं ठाऊक आहे की माझा चुलता सरकारी आकड्यात नाही.

म्हणून त्या तरुण मित्राला सांगतो. तुझी कविता मला आवडली नाही, पण तू लिहायचं थांबू नकोस. फक्त आधी आपल्या वस्तीत दारोदार फिर. २०२० आणि २०२१ मध्ये कोण गेलं, वय काय, काम काय, कुठल्या दारातून परत पाठवलं, दाखल्यावर काय लिहिलं, खांदा कुणी दिला, हे वहीत उतरव. ठेकेदाराचं नाव लिही. मग कविता कर. मुक्ता साळवेने १८५५ साली, शाळेत शिकत असताना, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला तेव्हा तिने दुःख कुणामुळे आहे हेही लिहिलं. पोरगी चौदा वर्षांची होती. आपल्याला काय अडचण आहे?

तुझ्या वहीत पहिली ओळ मी देतो: पुरुष, वय बावन्न, काम झाडलोट, एप्रिल २०२१, तीन इस्पितळं. नाव इथे छापत नाही. चुलती म्हणते, आधी ते त्यांच्या मस्टरात येऊ दे. अर्ज केलाय. तू बरोबर आलास तर सोमवारी पुन्हा जाऊ.

जय भीम.